दुसऱ्याने आधी छापले तर?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

गेल्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शिराळा तालुक्यात शिक्षक आहे. खांद्याला एक फुगलेली पिशवी होती आणि चहा होईपर्यंत ती त्याने खांद्यावरून खाली ठेवली नाही. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाला, "बाई, अकरा वर्षे एका विषयावर कागद जमवतोय. पुस्तक करायचे आहे. पण विषय कुठे बोलू नका हं. कोणी आधी छापले तर माझे काय?" विषय त्याने मलाही पुरता सांगितला नाही. अर्धा सांगून थांबला, पिशवी उचलली आणि पाया पडून गेला.

मला त्याचा राग आला नाही. कारण ही पिशवी मी ओळखते. माझ्याकडेही अशीच एक ट्रंक होती, तिच्याविषयी पुढे सांगेनच. लिहिणाऱ्या माणसाची ही धास्ती फार जुनी आहे. आपण एखादा विषय धरावा, वर्षानुवर्षे त्यामागे धावावे आणि एके दिवशी पेपरात दुसऱ्याच्या पुस्तकाची जाहिरात दिसावी, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. आज त्या धास्तीचाच थोडा इतिहास पाहू. तो पाहायला लांब जावे लागत नाही. सातारा, वाई आणि मिरज एवढा टापू पुरेसा आहे.

एका टापूतले तिघे

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या टापूत तीन माणसे एकाच कामाला लागली होती. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे, साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि पुण्याहून निघून गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. तिघांनाही मराठ्यांच्या इतिहासाचे अस्सल कागद हवे होते. ते कागद जुन्या घराण्यांच्या दप्तरांत, रुमालांत बांधून पडलेले होते.

तिघांच्या आधी एक स्कॉटिश माणूस हे काम करून गेला होता. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता. छत्रपतींच्या दरबारातले कागद, बखरी, वृद्धांच्या आठवणी त्याने जमवल्या आणि १८२६ मध्ये लंडनला तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. म्हणजे 'पहिला' तो ठरला. मग विषय संपला का? उलट झाले. नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतल्या तरुणाने १८६७ च्या सुमारास डफच्या इतिहासातल्या उणिवा दाखवल्या. पुढे १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले आणि जुन्या बखरी, पत्रे त्यात महिन्यामहिन्याला छापली जाऊ लागली. डफने आधी लिहिले नसते, तर त्याला खोडून काढण्याची ईर्ष्याही इतक्या लवकर जागी झाली नसती.

मिरजेचे खरेशास्त्री मूळचे कोकणातल्या गुहागरचे. संस्कृतचे अध्ययन त्यांनी साताऱ्याला केले आणि पुढे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून आयुष्य काढले. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांचे दप्तर चाळायला घेतले. मोडी कागद वाचायचा, बाळबोधीत उतरवायचा, त्याचा काळ ठरवायचा आणि छापायचा. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध होऊ लागला आणि १९२४ मध्ये शास्त्रीबुवा वारले तोवर त्याचे बारा खंड झाले होते. शिक्षकाच्या पगारात हे काम कसे निभावले असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

राजवाड्यांना वाईला एरंडे यांच्याकडे पानिपतच्या काळातली पत्रे मिळाली. १७५० ते १७६१ या वर्षांची ती पत्रे त्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने छापली. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. काही इथे, काही तिथे, जो छापील त्याच्याकडे, पण कागद हाती आला की तो छापायचा, हा त्यांचा बाणा होता.

पारसनीस तिघांत वयाने लहान. साताऱ्यात शिक्षण झाले आणि सतराव्या वर्षीच त्यांनी 'महाराष्ट्र कोकिळ' हे मासिक काढले. पुढे 'भारतवर्ष' आणि 'इतिहाससंग्रह' ही मासिके चालवली. त्यांची खरी हातोटी कागद मिळवण्यात होती. संस्थानिकांशी गोडी ठेवावी, इंग्रज अधिकाऱ्यांशी ओळख ठेवावी आणि जिथे इतरांना दार उघडत नाही तिथे हलकेच आत जावे. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर त्यांच्या हाती आले. साताऱ्यातल्या 'हॅपी व्हेल' या त्यांच्या बंगल्यात कागद, चित्रे आणि जुन्या वस्तू यांचा केवढा तरी संग्रह झाला.

आता पाहा. तीन माणसे, एकच विषय, एकमेकांपासून दिवसाच्या वाटेवर. धास्ती वाटायला याहून चांगली जागा कोणती?

पत्र एकाकडे, उत्तर दुसऱ्याकडे

अडचण नुसती चढाओढीची नव्हती. कागदांचे मालकही धास्तावलेले होते. १८५२ नंतर इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासल्या आणि पुरावा अपुरा पडला त्यांची इनामे गेली. तेव्हापासून कोणी अनोळखी माणूस 'तुमचे जुने कागद दाखवा' म्हणून दारात उभा राहिला की घरधन्याच्या मनात पहिला विचार जमिनीचा यायचा. कागद दाखवण्यापेक्षा माळ्यावर वाळवीने खाल्लेले बरे, असे म्हणणारी घराणी होती. कित्येक रुमाल रद्दीत गेले, वाण्याच्या पुड्यांना लागले. अशा स्थितीत मोठ्या मिनतवारीने मिळालेला कागद अभ्यासकाने छातीशी धरून ठेवला, तर ते समजण्यासारखे आहे.

परंतु जुन्या पत्रव्यवहारात एक गंमत असते. त्या काळच्या मराठी पत्रावर बहुधा चंद्र आणि तिथी असते, वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असायचे. दीडशे वर्षांनी ते पत्र उघडणाऱ्याला मात्र ते पत्र कोणत्या सालचे, हे मजकुरातल्या खुणांवरून ठरवावे लागते. कुठली लढाई, कोण आजारी, कोणाचे लग्न, कुठे छावणी, अशा धाग्यांवरून. दुसरी गोष्ट अशी की, पत्र हे लिहिणाऱ्याच्या घरात सापडत नाही, ज्याला धाडले त्याच्या घरात सापडते. नानांनी पटवर्धनांना लिहिलेले पत्र मिरजेच्या बाजूला राहणार आणि पटवर्धनांनी नानांना दिलेले उत्तर मेणवलीला. दोन माणसांचे बोलणे आपण एका भिंतीपलीकडून ऐकावे आणि एकाचाच आवाज यावा, तसे एका दप्तराचे होते.

म्हणजे एकाने आपला अर्धा भाग कुलपात ठेवला, तर दुसऱ्याचाही अर्धाच राहणार. मिरजेतले एखादे बिनसालाचे पत्र मेणवलीच्या एका ओळीने जागेवर बसायचे. कोणी आधी छापले म्हणून दुसऱ्याचे काम वाया जाण्याऐवजी पुष्कळदा ते सोपेच व्हायचे. हे या लोकांना पुढे पुढे कळत गेले. म्हणूनच मासिकाची तऱ्हा त्यांना सोयीची पडली. ग्रंथ पुरा होण्याची वाट पाहायची नाही. सापडले तेवढे या महिन्याला छापायचे. त्यावर आपले नाव आणि तारीख आपोआप पडते आणि बाकीच्यांना कागद वापरायलाही मिळतो. १९१० मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तिथे दर पंधरवड्याला सभा व्हायची. ज्याला जे सापडले ते त्याने उभे राहून वाचायचे. चार जाणकारांसमोर वाचलेले टिपण पुढे कोणी आपले म्हणून सांगू शकत नाही. धास्तीवर असा व्यवहारी इलाज त्या पिढीने काढला होता.

याचा अर्थ ते एकमेकांच्या गळ्यात गळे घालून हिंडत होते असे नव्हे. साताऱ्याजवळच्या धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळात हे स्वामी मोठे वजनदार होते. सरदारांना कर्ज देत, सल्ला देत. १९०० च्या सुमारास पारसनिसांनी स्वामींचे चरित्र आणि पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. राजवाड्यांनीही आपल्या तिसऱ्या खंडात स्वामींशी संबंधित पत्रे छापली आणि प्रस्तावनेत पारसनिसांच्या मतांचा कडक समाचार घेतला. राजवाड्यांची लेखणी कोणाची भीड ठेवणारी नव्हती. त्या वेळी दोघांनाही एकमेकांचा किती संताप आला असेल, कोण जाणे. आज वाचणाऱ्याला मात्र दोन्ही पुस्तके लागतात. एक वाचून स्वामी मोठे वाटतात, दुसरे वाचून शंका येऊ लागतात आणि दोन्ही वाचल्यावर धावडशीची वाट थोडी ओळखीची होते.

राणी एक, पुस्तके अनेक

पण माझ्या त्या विद्यार्थ्याची धास्ती अधिक साधी होती. 'माझाच विषय दुसऱ्याने घेतला तर?' याचेही उत्तर साताऱ्यातल्याच एका पुस्तकात आहे.

१८९४ मध्ये पारसनिसांनी झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाईंचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. तेव्हा ते चोविशीच्या आतबाहेर होते. राणीला जाऊन छत्तीस वर्षे झाली होती. बंडाचे नाव मोठ्याने घ्यायलाही लोक कचरत होते. त्या काळात कागद जमवून, माहिती विचारून त्यांनी हे काम तडीस नेले. पुस्तक गाजले.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच वेळी राणीविषयीचे एक हस्तलिखित आधीच लिहून तयार होते. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता त्यांच्या कानावर आली होती. यज्ञ राहिला बाजूला आणि भटजी बंडाच्या वणव्यात सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते झाशीत होते. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी १८८३ च्या सुमारास ही सगळी हकीकत लिहून काढली. पण राज्य इंग्रजांचे. राजद्रोहाच्या धाकाने ते बाड लगेच छापले गेले नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी ते 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केले, तेव्हा ते पाहायला गोडसे भटजी हयात नव्हते. तेही भाषेवर हात फिरवून, काही भाग गाळून. मूळ संहितेबरहुकूम आवृत्ती निघायला दत्तो वामन पोतदारांच्या हातून १९६६ साल उजाडले.

म्हणजे हिशेब असा झाला. राणीला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने अकरा वर्षे आधी लिहिले, पण साताऱ्यातल्या एका तरुणाने तेरा वर्षे आधी छापले. शर्यतच म्हणायची तर गोडसे भटजी हरले. पण आज कोणाला तसे वाटते का? पारसनिसांचे चरित्र अभ्यासकाला लागते. 'माझा प्रवास' घरोघरी वाचला जातो. कारण वेढ्यात सापडलेल्या माणसाची तहान, भूक, भीती आणि वाटेवरची फजिती ही दुसऱ्या कोणाला लिहिताच येणार नव्हती. पारसनिसांच्या हाती कागद होते, भटजींच्या हाती स्वतःचे दोन डोळे.

पुढेही हा विषय थांबला नाही. सावरकरांनी १९०९ मध्ये सत्तावनच्या समरावर लिहिले, त्यात राणी आहे. हिंदीत वृंदावनलाल वर्मांनी १९४६ मध्ये राणीवर कादंबरी लिहिली. पारसनिसांचे सगळे म्हणणे त्यांना पटले नव्हते, हे त्या कादंबरीमागचे एक कारण होते. १९५६ मध्ये महाश्वेतादेवींनी बंगालीत राणीचे चरित्र लिहिले. आधीचे पुस्तक नंतरच्याला अडवत तर नाहीच, कित्येकदा तेच त्याला लिहायला बसवते.

टिळक आणि याकोबी

कोणी म्हणेल, चरित्राचे ठीक आहे. पण एखादा नवा विचार, नवा सिद्धांत असेल तर? तिथे आधी कोण हाच प्रश्न असतो. खरे आहे. त्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे.

मृगशीर्ष नक्षत्रात वसंतसंपात असण्याच्या काळाच्या खुणा वेदांत आहेत आणि त्यावरून वेदांचा काळ मागे नेता येतो, असे लोकमान्य टिळकांनी मांडले. १८९२ मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेकडे त्यांनी याचा निबंध धाडला. तो लांब असल्यामुळे तिथे त्याचा सारांशच छापला गेला आणि पूर्ण पुस्तक 'ओरायन' या नावाने १८९३ मध्ये निघाले. त्याच १८९३ साली जर्मनीतल्या बॉनचे पंडित हेर्मान याकोबी यांनीही ज्योतिषाच्याच आधाराने जवळपास तेच अनुमान प्रसिद्ध केले. पुणे कुठे, बॉन कुठे. एकाला दुसऱ्याच्या कामाची कल्पना नव्हती. १८९४ मध्ये ब्यूलर या विद्वानाने दोघांच्या लेखनाचा एकत्र परामर्श घेतला आणि दोघांचे काम स्वतंत्र असल्याचे सांगितले. दोन अनोळखी माणसे वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचतात, तेव्हा लोक त्या जागेकडे अधिक गंभीरपणे पाहतात. त्या वेळी टिळकांच्या म्हणण्याला युरोपात मान मिळाला, त्यात या योगायोगाचाही वाटा होता. आज बहुतेक संशोधक तो काळ मान्य करीत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण टिळकांनी तो सारांश वेळेवर धाडला नसता आणि टिपणे घरातच ठेवली असती, तर पुढे 'हे मलाही सुचले होते' एवढेच म्हणायची पाळी आली असती.

विलायतेत डार्विनचे असेच झाले. सजीवांच्या उत्क्रांतीचा विचार त्याने १८४२ पासून कागदावर उतरवून ठेवला होता. पण वर्षानुवर्षे तो पुरावेच गोळा करीत राहिला. मित्राने १८५६ मध्ये त्याला बजावलेही होते की, दुसरा कोणी पुढे जाईल. १८५८ च्या जूनमध्ये वॉलेस या दूर पूर्वेकडच्या बेटांवर हिंडणाऱ्या तरुणाचे पत्र आले आणि त्यात तोच विचार होता. डार्विन हादरला. मित्रांनी मध्ये पडून १ जुलै १८५८ रोजी दोघांचे लेखन एकाच सभेत वाचवले. गंमत पाहा, त्या धक्क्यानेच डार्विन भराभर लिहिता झाला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. वॉलेसने कधी तक्रार केली नाही. आपल्या एका पुस्तकाला त्याने पुढे 'डार्विनिझम' असेच नाव दिले.

कायदा काय म्हणतो

कायद्याचेही दोन शब्द सांगते, कारण याविषयी फार गैरसमज आहेत. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तो तुमच्या लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देतो, विषयाला देत नाही. हम हिंदुस्तानी या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी, आपल्या नाटकावरून न्यू दिल्ली हा चित्रपट बेतला, असा दावा केला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये निकाल लागला. कल्पना, विषय, कथाबीज किंवा इतिहासातली घटना यांवर कोणाचा मालकी हक्क नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर असतो, असे न्यायालयाने सांगितले. दावा आनंद हरले.

तेव्हा कोणी तुमची वाक्ये, तुम्ही लावलेले वाचन, तुमची कोष्टके उचलली तर ती चोरीच आहे आणि तिच्याविरुद्ध जरूर उभे राहावे. अशा चोऱ्या होतात, हे मी नाकारत नाही. पण 'माझा विषय घेतला' ही तक्रार टिकत नाही. प्रतापसिंह महाराज कोणाच्या सातबाऱ्यावर लागलेले नाहीत.

माझी ट्रंक

आता माझी गोष्ट. मी क्षेत्र माहुलीच्या घाटांवर टिपणे काढत होते. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरची ती देवळे, समाध्या, पायऱ्या. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी जायचे. देवळांविषयी लिहिणारे पुष्कळ होते. मला घाटावर रोज येणाऱ्या बायकांकडून ऐकायचे होते. कोणत्या पायरीवर कोण धुणे धुवायचे, पुराचे पाणी कुठवर आले होते, दिवस कुठे घालायचे, नाव कोण चालवायचे. दोन म्हाताऱ्या मला फार जपून सांगायच्या. एक सांगे, दुसरी दुरुस्त करी. सात वह्या भरल्या. त्या मी ट्रंकेत घालून कुलूप लावले. कोणी विचारले, "काय लिहिताय बाई?" तर मी म्हणे, "काही नाही, शाळेचे आपले."

एके दिवशी माहुलीवर एक पुस्तक निघाल्याचे वाचले. खोटे कशाला सांगू, त्या रात्री मी जेवले नाही. आठ-दहा वर्षे पाण्यात गेली असे वाटले. ते पुस्तक मी विकत घेतले नाही, वाचलेही नाही आणि ट्रंकही उघडली नाही. माहुलीला जाणे सोडले. अशी सहा वर्षे गेली.

मग कधीतरी नगरवाचनालयात ते पुस्तक सहज हातात आले. उभ्याउभ्या चाळले, मग बसून वाचले. चांगले होते. देवळांची बांधणी, शिलालेख, घराण्यांच्या याद्या, सगळे नीट दिलेले. आणि माझ्या वह्यांतले त्यात एकही अक्षर नव्हते. त्या लेखकाला घाटावरच्या बायका दिसल्याच नव्हत्या, जसा मला शिलालेख धड वाचता येत नव्हता. दोन्ही मिळून एक माहुली झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी माहुलीला गेले. दोघींपैकी एक चार वर्षांपूर्वी गेली होती. दुसरी होती, पण तिला मी ओळखू येत नव्हते. वहीत मी जिथे जिथे 'पुन्हा विचारणे' असे लिहून ठेवले होते, अशा पंचवीस-तीस जागा आहेत. त्या तशाच राहिल्या. माझे कोणी काही चोरले नव्हते. सहा वर्षे मीच घालवली होती.

जाता जाता

खरेशास्त्री १९२४ मध्ये गेले. पारसनीस आणि राजवाडे दोघेही १९२६ मध्ये गेले. एक मार्चच्या शेवटी, एक अगदी वर्षाच्या शेवटच्या दिवशी. पारसनिसांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात होता, तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि आज तिथे कोणालाही अभ्यासता येतो. खऱ्यांचे खंड आणि राजवाड्यांचे खंड ग्रंथालयांत शेजारी शेजारी उभे असतात. कोणाचे पत्र आधी छापले होते, हे आता सनावळी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जे त्यांच्या हाती येऊनही छापायचे राहिले, त्याची मात्र हळहळ वाटते.

म्हणून माझ्यासारख्या, किंवा त्या पिशवीवाल्या शिक्षकासारख्या जे कोणी गावोगाव टिपणे काढत असतील, त्यांना चार गोष्टी सांगते. सगळे पुस्तक होईपर्यंत थांबू नका. एक प्रकरण एखाद्या मासिकाला किंवा दिवाळी अंकाला द्या. तुमचे नाव आणि तारीख तिथे छापून येते, याहून पक्की नोंद नाही. गावच्या वाचनालयात चार लोकांसमोर वाचा. ऐकणाऱ्यांत असा कोणी निघतो की, ज्याच्या माळ्यावर तुमच्या पत्राचे उत्तर पडलेले असते. वह्यांच्या झेरॉक्स काढून दुसऱ्या घरी ठेवा, पुराचे आणि वाळवीचे भय चोरापेक्षा मोठे आहे. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे त्यांना विचारून लिहा. आणि तुमच्या विषयावर दुसऱ्याचे पुस्तक आलेच, तर ते त्याच आठवड्यात वाचा. माझ्यासारखी सहा वर्षे लावू नका.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याला हे सगळे सांगायचे होते. पण तो घाईत होता आणि मलाही वेळेवर शब्द सुचले नाहीत. त्यानंतर तो आलेला नाही. तो रेडिओ ऐकतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा बाळ, ऐकत असशील तर पिशवी घेऊन ये. विषय पुरता सांग. मी माझ्या सात वह्या काढून ठेवल्या आहेत, त्याही वाच.